शाकाहारी निखिलचा मासा

अरे, मी मालवणचा, मासे खातच मोठा झालो. आणि आपला निखिल पक्का शाकाहारी, मासळीच्या नुसत्या वासाने नाक धरणारा. पण इथे सिंगापुरात जुरोंगच्या तलावावर दर रविवारी मासा लागतो तो त्याच्याच गळाला!

म्हणतो, "कॅनडात पोस्टडॉक करताना शिकलो. तिथल्या मोठ्या तलावात स्मॉलमाउथ बास नावाचा मासा खडकांपाशी राहतो, जिथे पाणी एकदम खोल होतं तिथे. दगडांतले खेकडे, झिंगे खातो. इथला बासही खडकच धरतो."

म्हणून परवा मी लवकर जाऊन त्याचा खडक अडवला. तो आरामात उगवला आणि आभाळाकडे बघून म्हणाला, "आज ऊन कडक आहे. मासे सावलीला गेले असणार." मग माझ्या नेहमीच्या झाडाखाली बसला. थोड्याच वेळात मासा!

वर पिशवी माझ्याच हातात. "वहिनींना दे, मी कुठे खातो?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी बायकोने पिशवी उघडली आणि थेट त्यालाच फोन लावला, "भाऊजी, पुढच्या वेळी जरा मोठा बघा हं!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही कशाला उगाच उन्हात बसता? येताना नारळ आणत जा."