गॅस बंद केल्यावरची हाक

नगरच्या हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरबाहेर. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी बसलेल्या पाथर्डीच्या छबूबाईंना म्हणाल्या,

"मावशी, मालकांच्या मेंदूतली गाठ निघाली."

"उठलं का?"

"अजून नाही. भुलीच्या गॅसनं मेंदूतल्या विजेच्या लहरी मंदावतात. जास्त दिला तर मेंदूत रक्त वाढतं, म्हणून बेतानंच दिला. आता बंद केलाय. लहरी परतल्यात, पण 'सहादेव, सहादेव' करून दमलो, डोळे उघडत नाहीत. तुम्ही हाक मारा."

"मी न्हाई त्यांचं नाव घेत."

"मग रोज कसं उठवता?"

"ऊसतोडीला? तसं हितं कसं बोलू?"

"तसंच बोला."

छबूबाई त्यांच्यामागून आत गेल्या. दार उघडंच राहिलं.

"अवं, उठा. टोळी निघाली."

मग आतून पुरुषाचा जड, घोगरा आवाज आला,

"कोयता कुठंय?"