माशाची तहान

डायलिसिसच्या खोलीबाहेर मी बहिणीसाठी थांबलो होतो. बाकावर शेजारी एक आजी आणि एक बाई बोलत होत्या.

"नवरा आत होय? आणि तू काय करतेस?"

"माशांची मूत्रपिंडं तपासते, आजी. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या."

"अगं बाई! म्हणजे इथेही तेच, तिथेही तेच."

"तेच."

"पण पाण्यातल्या माशाला कसली आलीय काळजी?"

"समुद्रातला मासा कायम तहानलेला असतो. खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढतं. किनाऱ्याजवळच्यांच्या पेशी वेगळ्या, खोल पाण्यातल्यांच्या वेगळ्या. काहींच्या मूत्रपिंडात तर गाळणीच नसते."

"आणि जगतात?"

"जगतात की. समुद्र पीत राहतात."

"त्यांना कुणी अडवत नाही म्हण. डॉक्टरांनी पाणी कमी करायला सांगितलं, तर माझा लेक नुसता ओठ चाटायचा. मी पेला उचलून फडताळात ठेवायचे."

"बरोबरच केलंत. आमचे हेही भांडतात पाण्यावरून. आज कुठल्या खाटेवर आहे तो?"

"खिडकीजवळच्या. म्हणजे, असायचा. जाऊन महिना झाला त्याला. मंगळवार उजाडला की पाय आपसूक इकडे वळतात."

"आजी..."

"तुझा आला बघ बाहेर. एक घोट पाणी दे गं त्याला. माझ्यादेखत दे."