श्यामला टोरांटोला, मी कर्वेनगरला

नाही, पण मला एक सांगा, बाहत्तराव्या वर्षी कुणी बायकोपासून वेगळं राहतं का हो? भांडण नाही, तंटा नाही, वकील नाही... आणि तरी आमची श्यामला टोरांटोला आणि मी इथं कर्वेनगरला, एकटा, कुकरच्या शिट्ट्या मोजत! झालं काय, तुम्हाला सांगतो, आमच्या सलिलचा फोन आला. "बाबा, कादंबरीची बाळंतपणाची रजा संपतेय, अभिनवला पाळणाघरात जागा मिळत नाहीये, आईला पाठवा ना. सहाच महिन्यांचा तर प्रश्न आहे!" आईला पाठवा! म्हणजे काय, पार्सल आहे का ती? मला नाही बोलावलं असं नाही, बोलावलं, पण डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचं हृदय हे असं, विमानाचं नावसुद्धा काढू नका." श्यामलेचा पाय निघेना. तेव्हा मीच, मोठा शूर मी, म्हणालो, "अगं जा, नातू आहे आपला. सहाच महिन्यांचा तर प्रश्न आहे!"

गेली. मग आमचा संसार फोनवर. तिची सकाळ, माझी संध्याकाळ. ओट्यावर तेलाच्या बरणीला फोन टेकवायचा, की सुरू! "अहो, गॅस बारीक करा! अहो, मोहरी नव्हे ती, मेथ्या आहेत!" कडू आमटी खाल्ली हो मी, तिच्यासमोर, "छान झालीय" म्हणत! आणि तिकडे जागा काही मिळेना. सहाचे बारा झाले, बाराचे अठरा. शेजारचे हिंमतराव जिन्यात भेटले की, "मजा आहे बुवा तुमची, कटकट नाही!" ...मजा!

शेवटी जागा मिळाली आणि श्यामला आली. आल्या आल्या पहिलं वाक्य, "हे काय करून ठेवलंयत चहाच्या भांड्याचं?" काय बरं वाटलं म्हणून सांगू! अठरा महिन्यांत समोर उभं राहून मला कुणी रागावलंच नव्हतं.

अकरा दिवस. फक्त अकरा दिवस! बाराव्या दिवशी सलिलचा फोन. "आई, आज अभिनव पाळणाघरात दिवसभर 'पाणी, पाणी' म्हणत होता गं. कुणाला कळलंच नाही." दोन वर्षांचं पोर हो, दिवसभर आजीपाशी, त्याला सगळे शब्द आजीचेच! "आता सांगून ठेवलंय मी त्यांना, तू काळजी करू नकोस," म्हणाला सलिल. करू नकोस! सकाळी बघतो तर ही हातात तांब्या घेऊन ओट्याशी उभी. पाणी ओतून घेत नाही, तांब्या खाली ठेवत नाही.

म्हटलं, "जायचंय का?"

"नाही हो. तुम्हाला एकटं टाकून कितीदा जाऊ?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं माणसानं? अठरा महिने जिची वाट पाहिली, तिला मीच म्हणालो, "जा गं. सहाच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

परवा लक्ष्मी रोडला तिकीट काढायला गेलो. काउंटरवरची मुलगी विचारते, "काका, काकूंच्या परतीची तारीख कुठली टाकू?"

म्हटलं, "बाई, आमच्या नातवाला इंग्रजीत तहान लागायला लागली, की टाका!"