मिरची लागली असेल

जमलेल्या थोरांनो, आयाबायांनो, आज मी बोलायला उठले आहे. गेलेल्या सुभद्राबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. एकाच चुलीवर आम्ही दोघींनी संसार केला.

आज इथं काय काय आलं? हार आले, एकेक दीडशेचा. फोटो मोठा करून आला, चौकटीसकट बाराशे. मंडप, खुर्च्या, चहा, साडेचार हजार. घरखर्च मी लिहिते, म्हणून ठाऊक. या बाईच्या डोळ्यांचा दाब तपासायला जिवंतपणी कुणाचा हात खिशात गेला नाही. आता मात्र सगळे उदार!

त्या म्हणायच्या, "धाकली, दिवाना आजूबाजू रंगनं कडं दिखस वं. डोकं दुखस." दिव्याभोवती त्यांना रंगीत कडं दिसतं, हे मी घरात सांगितलं. नाना, तुम्ही त्यांचे मालक. मिरची वाळवायच्या पथारीवरून आलात आणि हसून म्हणालात, "मिरची लागनी व्हई. गुलाबपाणी टाक." नंदुरबारात डोळ्याला काहीही होवो, मिरचीच लागते! लाल झाला, मिरची. पाणी आलं, मिरची. बाजूचं दिसेना, तीही मिरची? तळोद्याचे त्यांचे भाऊ तर डॉक्टरच्याही वर. "मोतीबिंदू शे, पिकू द्या." आंबा आहे का तो, पिकायला? मग दुकानातून लाली घालवायचे थेंब आले, डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून. लाली गेली, सगळे खूश.

शेवटी मीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू. मोतीबिंदूत भिंग बदललं की दिसायला लागतं. यात डोळ्याचा दाब वाढून आतली नस सुकते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली रोजच्या थेंबांनी राखता येते. दुकानातले ते थेंब तर दाब वाढवणारेच निघाले. तोवर फार उशीर झाला होता. नळीतून बघावं तसं त्यांना समोरचं तेवढं दिसायचं. ताटाशेजारचा तांब्या लवंडला की तुम्ही हसायचात, "झाली आंधळी कोशिंबीर सुरू!" गेल्या त्या सकाळी रस्ता ओलांडताना बाजूने टेम्पो आला. त्यांना तो दिसलाच नाही.

आणि आता म्हणता, देवाची मर्जी. मी रोज देवापुढे दिवा लावते. त्याला यात ओढू नका. त्याने दोन डोळे दिले होते. गुलाबपाणी त्याने सांगितलं नव्हतं.

त्यांची लेक रेखा समोर बसली आहे. नवापूरला पोल्ट्रीवाल्यांकडे दिलेली. काल समईकडे बघून मला म्हणाली, "काकी, समईना आजूबाजू कडं दिखस." तेच! अगदी तेच! हा रोग आईकडून लेकीकडे येऊ शकतो, डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. मी जावईबापूंना सांगितलं. काय म्हणाले? "पोल्ट्रीतली धूळ गेली असेल, काकी." वा! इकडे मिरची, तिकडे धूळ. एक बाई पुरली नाही का तुम्हाला?

आता सगळे उठा. थोडा वेळ गप्प उभे राहू. पण डोळे मिटू नका. फोटोकडे नाही, रेखाच्या तोंडाकडे बघा.

जावईबापू, उद्या हिला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, मग घरी. फोन करू नका, फोनवर "हो काकी" म्हणायला काही लागत नाही. दोन्ही डोळ्यांचा दाब किती निघाला, डॉक्टरांच्याच अक्षरात लिहून घ्या. हे पाकीट धरा, माझा पत्ता लिहून टपालाचं तिकीट मी लावलंय. उलट टपाली कळवा.