त्या दिवशी कोणीच हासलं नाई

आमी ढिवराचे, भाऊ, तलावावरचे. बाप जाळं टाके अन् माय अन् मी टोपलं घेऊन गावोगाव मासे विको, म्हणून हा असा गळा, दोन आळ्या दुरून आयकू जाते. अंगानं पयल्यापासून अशीच, काळी अन् ठोसर. वडशाले एका नाटक कंपनीच्या दारात मासे विकाले गेली, तं मॅनेजर भाव पाडून मांगू लागला, मी त्याची अशी इज्जत उतरवली का तालीम सोडून सारे बाहेर येऊन हासाले लागले. तो म्हणे, बाई, मासे राहू दे, तू आमच्या नाटकात सासू होशीन का. माहं तं लगनबी नवतं झालं तवा! पण झाली सासू. तवापासून तीस वर्सं सासूच आहो, कधी विहीण, कधी घरमालकीण, कधी दारूड्याची बायको. हिरोईनी आल्या, लगनं करून गेल्या, मी आपली तिथीच.

आता माही करामत सांगतो. दिवाळी झाली का गावोगाव मंडईची जत्रा भरते, त्या दिवसात आमचं नाटक आज या गावी, उद्या त्या गावी. गाडीतून उतरली का बाकीचे आंग टाकतेत, मी गावात निंगतो. कोणाच्या ओट्यावर बसतो, चहा पितो, अन् एखादी तोंडाळ बाई हेरतो. तिचं बोलणं, हातवारे करणं, पदर खोचणं, सारं उचलतो अन् माह्या सासूत टाकतो. गावाले दोन मिनिटात समजते, अरे हे तं आपली सरपंचाची काकू! असे हासतेत, असे हासतेत का पुढचं वाक्य बोलू देत नाई. अन् ती काकूबी पदरात तोंड घालून हासते, सकाळी मले घरी नेऊन जेवू घालते. पण माहा एक नेम होता. जिची नक्कल करीन तिच्या घरी बसल्याशिवाय, तिचं सुखदुख इचारल्याशिवाय करीन नाई. तोच नेम मोडला भाऊ, माह्या हातानं.

धानोऱ्याकडचं गाव. रस्त्यात गाडी बिघडली, पोचलो तं दिवस बुडाले आला होता, तोंडाले रंग लावाची घाई. बोरिंगवर एक बाई दिसली, डोक्यावर पाण्याचा गुंड, दोन पावलं चाले अन् थांबून मागं पाये, पुन्हा दोन पावलं, पुन्हा मागं. पाणी सांडून राह्यलं, तिले भान नाई. मले वाटलं, भेटली! कोणाले इचारलं नाई, काई नाई.

स्टेजवर आली, डोक्यावर गुंड, दोन पावलं चालली अन् मागं पायलं. थांबली, आता हासतीन म्हणून. कोणी हासलं नाई. मले वाटलं मागच्याइले दिसलं नसन, अजून मोठं केलं, मान अशी गरकन फिरवली. काय सांगू तुमाले, शामियाना खचाखच भरलेला, अन् एक खोकला आयकू नाई आला. लेकरं सुदा चूप. तीस वर्सात असं नवतं झालं, माहं वाक्यच इसरली, हिरोईननं कानात सांगितलं तवा पुढचं बोलली. पडद्यामागं आली तं गावचा एक म्हातारा उभा. ओरडला नाई तो. एवढंच म्हणे, बाई, त्या माऊलीची पोट्टी तिच्या मागं चालत होती, मोहफुलं वेचून येत होत्या दोघी, वाघानं नेली. हिनं मागं पायलं तं कोणी नवतं. तवापासून ती तशीच चालते.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तीस वर्सं लोकाइले हासवतो म्हणून फुगून राह्यली होती, अन् हे काय करून बसली मी, कोणाचं दुख डोक्यावर घेऊन नाचली मी!

सकाळी डायवर हॉर्न वाजवून राह्यला, मी म्हटलं थांब बाप्पा, अन् तिच्या घरी गेली. पाय धराले वाकली तं तिनंच माहे हात धरले. तोंडावर राग नाई, काई नाई. जवळ ओढून हळूच इचारते कशी, बाई, काल मी नाटकाले होती, तू मागं पायलं नं, तं तुले दिसली का वं माही पोट्टी?

जन्मभर नाटकात खोटं बोलली, तिथी खरं सांगाले गेली होती. अन् ती डोळे लावून पायतच राह्यली, हात सोडेना. मंग निंगून गेलं तोंडातून, हो वं बाई, दिसली. तं म्हणे, काय करून राह्यली होती? मी म्हटलं, हासून राह्यली होती.

अजूनबी बोलावणी येतेत भाऊ. सासू करतो, लोक हासतेत, पोट भरते. पण गावात फिरणं सोडलं, नाटकाची वेळ होईतो गाडीतच बसून राह्यतो. औंदा मंडईत त्या गावचा तोच म्हातारा भेटला. मी इचारलं, कशी हाय ती? तं म्हणे, चालणं तसंच हाय, दोन पावलं अन् मागं पायते. पण आता मागं पायते अन् हासते. तिचं भलं केलं मी का वाटोळं केलं, तुमीच सांगा. सुखात राहो बिचारी.