जिल्ह्यातली पहिली नोंद

मंडळी, एकच विचारते. कुणाचा जीव वाचेल अशी गोष्ट तुम्हाला कळली, तर ती गोष्ट तुमच्या मालकीची झाली का? 'आधी माझं नाव येऊ दे, मग सांगतो' म्हणायचा हक्क मिळाला का?

माना हलवू नका इतक्यात! आधी डॉक्टर यशोधन रांगणेकरांची गोष्ट ऐका.

जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजातले मोठे प्राध्यापक. हुशार, यात शंका नाही! पावसाळा सरताना तापाचे रुग्ण यायला लागले. डेंग्यू म्हणावा तर नाही, मलेरिया म्हणावा तर तोही नाही. सरांनी एकाची काख पाहिली आणि तिथे काळी खपली! सिगारेटचा चटका बसावा तशी. स्क्रब टायफस! गवतातला बारीक किडा चावतो, त्याचा हा ताप. वेळेत ओळखला तर साध्या गोळीने उतरतो. नाही ओळखला तर माणूस घेऊन जातो. या जिल्ह्यात तो आजवर कुणी नोंदवलाच नव्हता. सरांनी आपले सगळे रुग्ण बरे केले. धन्य म्हणावं ना? थांबा जरा!

कारण तेवढ्यात ईमेल आली. नव्या संसर्गजन्य रोगांवर मोठी परिषद — ॲब्स्ट्रॅक्ट पाठवा! ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे काय? सगळं संशोधन अडीचशे शब्दांत कोंबायचं. लेखकांच्या नावांना मात्र मर्यादा नाही! त्यामुळे रुग्ण नऊ, लेखक अकरा. डीनसाहेब लेखक. डीनसाहेबांचे जावई लेखक — ते तर दातांचे डॉक्टर! अहो पेटीवाले, हसू नका, सूर हलतो.

आणि खाली एक अट: 'हे काम यापूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं.'

सरांनी अट वाचली आणि तोंड शिवून घेतलं. जिल्हा आरोग्य कार्यालयालाही कळवलं नाही!

अशात फोन वाजला. डोंगरापलीकडच्या ग्रामीण रुग्णालयातून हेमलता गावित, सरांचीच विद्यार्थिनी.

"सर, तापाची एक बाई आलीये. तुळसा वळवी. गवत कापायला जाते. डेंग्यू, मलेरिया दोन्ही निगेटिव्ह. आता दम लागायला लागलाय. तुमच्याकडे असं काही दिसतंय का?"

सरांच्या समोर कॉम्प्युटर. पडद्यावर शीर्षक: 'जिल्ह्यातील पहिली नोंद'. पहिली! हिला सांगितलं तर ही उद्या डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकेल. मग पहिली कसली?

"नाही बुवा," सर म्हणाले. "व्हायरल असेल. सलाईन लाव, लक्ष ठेव."

गुरूचा शब्द! हेमलताने सलाईन लावलं, लक्ष ठेवलं. ती लक्ष ठेवून असतानाच तुळसा गेली.

परिषद भरली. सर नव्या कोटात! पडद्यावर ती काळी खपली, भिंतीएवढी! मागच्या रांगेतून हेमलता उठली.

"सर, हे निदान तुम्हाला कधी झालं?"

"अं... सप्टेंबरात."

"मी ऑक्टोबरात फोन केला होता."



"अगं, परिषदेची अट होती ना... आधी कुठे जाहीर करायचं नाही—"

अध्यक्षस्थानी एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या. चष्मा काढून म्हणाल्या, "डॉक्टर, अट छापण्याबद्दल होती. फोनवर उत्तर देऊ नका, असं कुणी लिहिलं नव्हतं."

"गोळी माझ्या कपाटात होती, सर," हेमलता म्हणाली. "डबे भरून होती. तुम्ही 'नाही' म्हणालात, म्हणून मी खपली शोधलीच नाही."

आणि खाली बसली.

मग सरांचं काय झालं? काय व्हायचंय! वेळ संपल्याची घंटा झाली, सर्टिफिकेट मिळालं, केबिनमध्ये चौकटीत लागलं. त्यात तुळसाचं नाव? छे! ती त्या नऊ रुग्णांत मोडत नव्हती.

आता रांगणेकरांना नावं ठेवून मोकळे होऊ नका. मुलीचं लग्न जमेपर्यंत घरातला क्षयाचा खोकला 'दमा आहे हो' म्हणून दडवणारं इथे कुणी नाही ना? फ्लॅट विकला जाईपर्यंत टाकीत गटाराचं पाणी शिरतंय हे न बोलणारं? खाली का बघताय?

आता नामाचा गजर करायचाय. पण ज्याच्या पोटात असं काही दडलंय, त्याने आधी बाहेर जाऊन एक फोन करून यावं. तोवर आम्ही टाळ धरून ठेवतो. देव थांबतो, मंडळी. ताप थांबत नाही!