शाई असून नाही म्हणणारा प्रिंटर

...तर काय हो, शाई काठोकाठ भरलीय, मी स्वतः इंजेक्शनच्या सुईनं भरलीय, बाळाचं झबलं निळं करून भरलीय, आणि हा प्रिंटर म्हणतो, शाई न्हाई! त्या शाईच्या डबीवर नखाएवढी चिप असते म्हणे, ती ठरवते. एकदा संपली म्हणजे संपली, नवी डबी आणा! तुम्हीच सांगा, तांदूळ संपले की आपण डब्यात तांदूळ भरतो, की डबाच नवा आणतो?

आणि हे कधी? जोयड्याचा कंदांचा मेळा उद्यावर आलेला, आमच्या महिला गटाच्या कोकम सरबताच्या बाटल्या भरून तयार, आणि लेबलं माझ्या गळ्यात! लेबल नसेल तर स्टॉलवर बाटली ठेवू देत नाहीत. गटाची अध्यक्ष बायजाक्का सांगत होती, बेळगावच्या प्रेसला देऊया. मीच शहाणी पुढं... "कशाला अक्का, मी हाय न्हवं!" बाळंतपणानंतरचं पहिलं काम हो. हे बुडालं की मग आहेच, "तू आपली पोर सांभाळ गं."

आणि समोर हा... शाई न्हाई!

मग शोधलं. तर म्हणे प्रिंटरच्या पोटातला प्रोग्राम, फर्मवेअर, तोच बदलता येतो. मग तो चिपला विचारतच नाही. पण फाईल उतरवायला रेंज नको? आमच्या गावाला, बाजारकुणंगला, रेंज असते माळावरच्या एका दगडावर! तिथं मी, कडेवर पोर, मोबाईल आभाळाकडं... खालनं शेजारच्या फुलावैनी, "कुणाला ओवाळतीस गं?"

फाईल घेऊन आले, तर नवरा म्हणाला, "मधेच करंट गेला तर प्रिंटर कायमचा मेला हं." झालं! मला बाळ शिंकलं तरी धडकी भरते. परत दगडावर. लाईनमन झिलूमामांना फोन. "मामा, आज तेवढा करंट घालवू नका."

"आणि झाड पडलं तर? झाडाला फोन लावू व्हय?"

घरी आत्ती, म्हणजे सासूबाई, अडून बसलेल्या. "कौल लावल्याबिगर मशिनीला हात लावायचा न्हाई!" देवीच्या मूर्तीला दोन्हीकडं ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मला कुठला दम! त्यांनी हात जोडले, मी बटण दाबलं. प्रोग्राम अर्ध्यावर, आणि पडली... डावी!

"बंद कर!"

"आत्ती, आता बंद केला तर मरंल ओ! आणि ती पंख्यानं पाडली!"

"व्हय की गं... थांब, पंखा बंद करते, परत लावू."

तुम्हाला सांगते, पंख्याचं बटण आणि प्रिंटरचं बटण एकाच बोर्डावर, शेजारीशेजारी! आत्तींचा चष्मा मूर्तीपाशीच राहिलेला! मांडीवर बाळ दूध पितंय. ओरडले तर ते दचकणार, नाही ओरडले तर... मी डोळेच मिटले.

टक्.

पंखा थांबला. प्रिंटर घुरघुरला, आपोआप विझला, माझा जीव गेला, तोवर प्रिंटर परत उठला... आणि सरसरत बाहेर आलं अडकलेल्या लेबलावरचं कोकम! लालचुटूक! पानासकट! आत्ती म्हणाल्या, "दिला गं कौल!" मी मूर्तीकडं बघितलं, उजवी पाकळी अजून चिकटलेलीच. मी पुढचं लेबल छापायला घेतलं.

मेळ्यात बाटल्या लागल्या, बायजाक्कानं चारचौघींत सांगितलं, "आता मधाची लेबलंबी हिच्याकडंच!"

फक्त एक झालंय. चिपला विचारणं सुटलं, तसं शाई संपल्याचं कळणंही सुटलं. आता हा सदा म्हणतो, भरलीय! काल मधमाशीला अर्धाच पंख आला, तरी भरलीय! त्यामुळं रोज सकाळी आत्ती डबी काढतात, नारळासारखी कानाशी हलवतात, आणि डोळे मिटून सांगतात, "हाय गं अजून. छाप!"

बी.एस्सी. झालेय मी. छापते.